पट्टी लाभ ते अठरा

"मामा, इथे 'एक' का लिहिलंय?"

पाखरांचा अभ्यास करणाऱ्या शर्मिष्ठाने वही पुढे धरली तेव्हा धोंडू खवणेकर बशीतला चहा फुंकत होते. चहा कधीच निवला होता. पण बशी हातात आली की फुंकर आपोआप यायची.

"कुठे?"

"हे बघा ना. बाकी सगळ्या वर्षी तुम्ही पहिल्या ओळीत 'लाभ' लिहिता. पट्टी लाभ, पट्टी दोन, पट्टी तीन, अशा अठरापर्यंत. छत्तीस वह्या चाळल्या मी. फक्त हिच्यात 'पट्टी एक' आहे."

धोंडूंनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली आणला. अक्षर त्यांचंच होतं.

"असेल," ते म्हणाले. "घाईत लिहिलं असेल."

"घाईत माणूस सवयीचंच लिहितो ना?" ती हसली आणि पान उलटलं. तिला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

वही २००५ची होती. पलीकडे टेबलावर शर्टाला इस्त्री करणाऱ्या निलेशचा, त्यांच्या मुलाचा, हात थांबला. इस्त्री तशीच राहिली आणि कॉलर करपल्याचा वास सुटला.

*

१९८९. २३ मे. पट्ट्या लाभ ते अठरा. घरटी ३४१२. वारा पश्चिमेचा. शेरा: सरांची एक चप्पल समुद्रात गेली. सर दिवसभर एका चपलेवर.

*

घाटकोपरच्या एका कॉलेजात धोंडू लॅब अटेंडंट होते. बेडूक, झुरळं, बरण्यांतले मासे आणि त्यांची लेबलं, हे त्यांचं राज्य. पोरं त्यांना मामा म्हणायची. प्राणिशास्त्राचे शरच्चंद्र सर एकदा सहज गाव विचारते झाले. धोंडूंनी मालवणकडचं नाव सांगितलं आणि वर सांगितलं की समोर समुद्रात, होडीने साडेतीन तासांवर, एक बेट आहे. आंधळं बेट. त्याच्यावर दिवा नाही, म्हणून आंधळं.

"पाखरं असतील रे तिथे?"

"इतकी की पाय कुठे ठेवायचा कळत नाही, सर."

पुढच्या मे महिन्यात दोघं होडीत होते. होडी सीतारामची, धोंडूंच्या चुलतभावाची. बेटावर सुरय होते, पाठीवर काळपट, पोटाशी पांढरे. दगडांच्या कपारीत एकेक अंडं घालून बसायचे आणि माणूस दिसला की डोक्यावर आभाळभर ओरडायचे. सरांनी बेटावर दोर आडवे टाकून अठरा पट्ट्या पाडल्या. धोंडूंनी मोजायची रीत काढली. उजव्या खिशात चिंचोके घ्यायचे. एक घरटं दिसलं की एक चिंचोका डाव्या खिशात. पट्टी संपली की खिसा रिकामा करून चिंचोके मोजायचे. पाखरांच्या गोंगाटात तोंडाने मोजलेलं टिकत नाही, चिंचोका टिकतो.

पहिल्या पट्टीशी उभं राहून धोंडू ओरडले, "लाभ!"

"काय म्हणालास?"

धोंडू ओशाळले. घरात भात मापताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणतात, मग दोन, मग तीन. सुलक्षणा, त्यांची बायको, चाळीतल्या खोलीत रोज संध्याकाळी तांदूळ घ्यायची तेसुद्धा असेच घ्यायची. तीन माणसांना चार मापं. लाभ, दोन, तीन, चार.

"मग तसंच लिही," सर म्हणाले. "शास्त्राचं काही बिघडत नाही."

*

१९९१. २७ मे. लाभ ते अठरा. घरटी ३३८८. शेरा: घरी मुलगा झाला. तार तीन दिवस बंदरावर पडून होती.

१९९७. २५ मे. लाभ ते अठरा. घरटी ३२०५. शेरा: सर आले नाहीत, गुडघे. मी आणि सीताराम. पट्टी नऊमध्ये घसरलो.

*

सर निवृत्त झाले, मुलुंडच्या घरात खुर्चीला खिळले, पण मोजणी थांबली नाही. दर मेमध्ये धोंडू रजा टाकायचे. एसटी, मग सीतारामची होडी, मग दोर. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी विचारणारं नव्हतं.

"तुका काय गावता रे ह्या मोजून?" सीताराम सुकाणूवर बसल्या बसल्या विचारायचा. "बरा, मोज. तुझ्याशिवाय त्यांची हजेरी कोण घेतलो?"

परत आले की सुलक्षणा दारातच म्हणायची, "इलो पाखरांचो बापूस." आणि निलेशला पुढे ढकलून, "हो बघ, हो पण तुझोच. ओळखतंस?"

*

शर्मिष्ठाने लॅपटॉप पलंगावर ठेवून धोंडूंकडे वळवला. खिडकी बंद होती. कांजूरच्या ह्या बिल्डिंगीत नवव्या मजल्यावरही खिडकी उघडायची तर वारा कुठून आहे ते बघावं लागतं. काचेपलीकडे कचऱ्याच्या डोंगरावर घारी फिरत होत्या.

"ही तुमची छत्तीस वर्षं," ती म्हणाली.

एक निळी रेघ होती. बरीच वर्षं वरच्या वर, किंचित उतरती. मग एका जागी कुणी हात सोडल्यासारखी सरळ खाली. तिथून पुढे जमिनीलगत.

"आता माझा घोळ ऐका. २००४च्या ऑगस्टमध्ये बेटावर एक मालवाहू बार्ज आपटली. बरोबर?"

"हो. तिचा सांगाडा अजून आहे."

"गेल्या वर्षी आम्ही कॅमेरे लावले. अंधार पडला की उंदीर निघतात. शेकड्यांनी. अंडी खातात, पिल्लं खातात. दिवसा एक दिसत नाही. तुम्ही दुपारी मोजून परत निघायचात, म्हणून तुम्हाला कधी दिसले नाहीत. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं! उंदीर बार्जमधून आले. पण तसं असेल तर पुढच्याच मेमध्ये, २००५ला, घरटी कमी दिसायला हवीत. आणि तुमचा आकडा आहे दोन हजार आठशे चाळीस. आदल्या वर्षाच्या जवळपास तेवढाच. म्हणजे बार्ज येऊन नऊ महिने झाले तरी पाखरं मजेत. पडझड झाली ती २००६ला."

"मग?"

"मग बार्ज निर्दोष सुटली. २००५च्या मेनंतर बेटावर काय बदललं, हे शोधायचं. त्या पावसाळ्यानंतर काय झालं? तुमच्या गावच्या पोरांनी मोठ्या इंजिनाच्या होड्या घेतल्या. बेटावर जाणं सोपं झालं. अंडी गोळा करायला लोक जायचे, हे तर तुम्हीच सांगितलंत."

"पाच-पन्नास अंडी न्यायची पोरं. आमची भावकीच ती."

"मला पटतं हो, मामा. पण आकडा तसं म्हणत नाही ना." शर्मिष्ठाने केस मागे सारले. "बेटाचं काय करायचं ते ठरवायला गुरुवारी कमिटी बसते. त्यांना एकच गोष्ट करता येणार आहे. एकतर उंदीर संपवायची मोहीम, नाहीतर गावच्या होड्यांना बेटाभोवती बंदी आणि वर पहारा. ह्या आकड्याने बंदी येणार. आणि उंदीर कुणी काढले नाहीत तर… गेल्या वर्षी किती मोजलीत तुम्ही?"

"एकशे सत्त्याऐंशी."

"चार-पाच वर्षं. मग मोजायलाही काही नाही."

तिने वह्या पुन्हा पिशवीत भरल्या. एकेक वही वर्तमानपत्रात गुंडाळून, जपून. जाताना तिने धोंडूंना वाकून नमस्कार केला. "तुमच्यासारखं सातत्य कुणाकडे नाही, मामा. एक वर्षसुद्धा खंड नाही."

*

२००५.

*

दार लागलं. निलेशने इस्त्रीचं बटण बंद केलं. अंधेरीच्या कुरिअर गोदामात तो सुपरवायझर होता आणि आज त्याची सुट्टी होती. मानसी, त्याची बायको, अजून ऑफिसातून यायची होती.

"त्या वर्षी तुम्ही गेला नव्हतात," तो म्हणाला.

धोंडूंनी बशी कपावर पालथी घातली.

"मी चौदा वर्षांचा होतो, बाबा. सगळं आठवतं. सव्वीस तारखेला आई गेली. तुम्ही वीस तारखेपासून हॉस्पिटलच्या बाकड्यावर होतात."

"हो."

"मग हे दोन हजार आठशे चाळीस?"

"लिहिलं मी."

निलेश पलंगावर बसला. लहानपणी त्याने ह्या वह्यांचा दुस्वास केला होता. दर मेच्या सुट्टीत बाप नाही. वाढदिवसाला बाप नाही. आता मात्र तो म्हणाला, "सांगू नका."

"काय?"

"तिला. कशाला सांगताय? एक वर्ष खोटं निघालं की लोक म्हणणार, बाकीची पण घरी बसून लिहिली असतील. वाट लागेल सगळ्याची. छत्तीस वर्षं, बाबा! कोण उन्हात मरायला जात होतं तिकडे? तुम्ही. पगार ना पैसा. तिच्या पुस्तकात नाव येणार आहे तुमचं. येऊ दे ना. एवढं तरी येऊ दे."

"आणि पाखरं?"

"पाखरं, पाखरं! आम्ही काय…" तो तिथेच थांबला. जळलेली कॉलर त्याने बोटाने खरवडली. "हा शर्ट गेला," एवढंच म्हणाला.

*

हॉस्पिटलच्या त्या बोळात फरशी पांढरी आणि करडी होती. धोंडूंनी ती मोजली होती. बाकड्यापासून दारापर्यंत अठरा ओळी. मुद्दाम मोजली नव्हती, हाताला काम नव्हतं. सिस्टर बाहेर आली आणि बोलली तेव्हा त्यांनी विचारलं, "किती वाजले?" तिने वेळ सांगितली. त्यांनी मान डोलावली, जणू ते एवढंच विचारायला सहा दिवस बसले होते.

रडू आलं नाही. दहाव्याला आलं नाही, तेराव्याला आलं नाही. लोक म्हणाले, येईल. धोंडूंनी वाट पाहिली, मग वाट पाहणंही राहून गेलं. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. ते बरण्या पुसत होते आणि लॅबमधला फोन वाजला.

"धोंडू, समुद्र बंद झाला असेल आता," सरांचा आवाज आला. "आकडा सांग."

सरांना काही ठाऊक नव्हतं. त्यांना कोण सांगणार? गेलो नव्हतो, असं म्हटलं असतं तर सरांनी का विचारलं असतं. आणि त्या का-चं उत्तर धोंडूंनी तोवर स्वतःच्या तोंडाने एकदाही उच्चारलं नव्हतं. लोक आले ते ऐकूनच आले होते.

"दोन हजार आठशे चाळीस, सर."

"बरी आहेत म्हणजे."

"बरी आहेत."

त्या दुपारी त्यांनी नवी वही काढली आणि आकडा अठरा पट्ट्यांत वाटून टाकला. कुठे दीडशे, कुठे एकशे बासष्ट. वाऱ्याची दिशासुद्धा लिहिली. पहिल्या ओळीशी पेन आलं तेव्हा 'लाभ' लिहायचं होतं. हात पुढे सरकेना. पेन थोडा वेळ कागदावर टेकलेलं राहिलं, तिथे शाईचा ठिपका झाला. मग त्यांनी 'एक' लिहिलं. एक लिहायला काही वाटलं नाही.

पुढच्या मेमध्ये बेटावर पाय ठेवला तर पाय ठेवायला जागाच जागा होती. पट्टी चारमध्ये उजव्या खिशातले चिंचोके तसेच्या तसे राहिले. अंड्यांची टरफलं मात्र जागोजाग होती. सीताराम होडीतून बघत होता. "धोंडू, पाखरां खंय गेली रे?" त्या दिवशी त्याने चेष्टा केली नाही.

त्या वेळी सांगता आलं असतं. पण सर फोनवर "एका वर्षात?" एवढंच म्हणाले आणि पुढे कितीतरी वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येत राहिला. ऑक्टोबरमध्ये सर गेले. सीतारामही आता नव्हता. २००५ला होडी निघाली नव्हती, हे जाणणारं कुणी उरलं नव्हतं. निलेश सोडून.

*

२००६. २४ मे. लाभ ते अठरा. घरटी ११०५. शेरा: नाही.

२०१५. २६ मे. लाभ ते अठरा. घरटी ४०६. शेरा: नोकरी संपली. निलेशचं लग्न ठरलं.

२०२४. २२ मे. लाभ ते अठरा. घरटी १८७. शेरा: लाभ, चार आणि अकरा ह्या पट्ट्यांत एकही नाही. तरी चालून बघितलं.

*

बुधवारी सकाळी धोंडू आरेतून जाणारी बस पकडून गोरेगावच्या बाजूला उतरले. शर्मिष्ठाची संस्था एका जुन्या बंगलीत होती. ती खुर्ची सोडून उठली. "मामा! तुम्ही कशाला आलात? फोन करायचा ना."

"फोनवर जमलं नसतं, बाय."

ते बसले. पिशवी मांडीवर घेतली. पाणी आणलं, ते प्यायले नाहीत.

"२००५ची वही खोटी आहे," ते म्हणाले. "मी गेलो नव्हतो. आकडा बसल्या जागी लिहिला."

शर्मिष्ठा आधी हसली. मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"मामा, मी चार वर्षं… चार वर्षं मी ह्या एका आकड्याभोवती फिरतेय! २००५च्या मेनंतर काय झालं म्हणून पावसाचे तक्ते काढले, होड्यांचे परवाने काढले, तुमच्या गावात घरोघरी फिरले. लोकांना काय काय विचारलं मी! तुमच्या भावकीला!"

"हो."

"हो काय? काल का नाही सांगितलंत? काल विचारलं होतं मी!"

धोंडूंनी मांडीवरची पिशवी सारखी केली. ती उठून दारापर्यंत गेली, परत आली.

"आणि बाकीची पस्तीस? त्यांचं मी काय समजू?"

"लाभ बघ," धोंडू म्हणाले.

"काय?"

"तू विचारलंस ना, इथे एक का. पहिलं माप खरं असलं तर लाभ म्हणायचं. रास समोर नसताना लाभ म्हणत नाहीत. माझ्याच्याने ते लिहवलं नाही. जिथे लाभ आहे, बाय, तिथे मी होतो."

शर्मिष्ठाने कपाटातून वह्या काढल्या. एकेक उघडून तिने फक्त पहिली ओळ पाहिली. लाभ. लाभ. काहींवर मिठाच्या पाण्याचे डाग होते, एकीवर विष्ठेचा पांढरा ओघळ सुकला होता. २००५ची वही कोरी करकरीत होती. हेही तिला आत्ताच दिसत होतं.

"कमिटी ह्याला पुरावा म्हणणार नाही," ती हळू आवाजात म्हणाली.

"बरं."

"प्रश्न विचारतील. सगळ्यांवर."

"विचारू देत. मी येईन. उभा राहीन."

तिने लॅपटॉप ओढला. आकड्यांच्या रांगेत २८४०वर बोट ठेवलं आणि तो पुसून टाकला. निळी रेघ हलली. २००४पाशी ती तुटली, मध्ये जागा राहिली, आणि पलीकडे खूप खाली पुन्हा सुरू झाली. बार्जची खूण त्या तुटीच्या कडेलाच होती.

तिने त्या खुणेवर बोट टेकवलं. मग तोंडातल्या तोंडात म्हणाली, "बार्जच. बार्जच होती ती."

धोंडूंना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि प्यायले.

"मामा, रकाना नुसता रिकामा सोडता येत नाही. कारण लिहावं लागतं. हवामान, होडी नाही, असं काहीतरी. काय लिहू?"

"मोजणी झाली नाही."

"ते झालंच. कारण?"

बाहेर म्हशींचा एक कळप रस्ता ओलांडत होता आणि बसवाला हॉर्न न वाजवता थांबला होता. धोंडूंनी तो सगळा जाईपर्यंत पाहिला.

"घरी होतो," ते म्हणाले.

"बरं नव्हतं तुम्हाला?"

"मला बरं होतं."

शर्मिष्ठाची बोटं कळांवर थांबली. तिने लिहिलं, आणि धोंडूंनी चष्मा पुसून, वाकून, ते वाचलं. निरीक्षक घरी.

"बरोबर," ते म्हणाले.

*

संध्याकाळी निलेश आला तेव्हा मानसी कुकर लावत होती आणि धोंडू खिडकीशी बसले होते.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"आणि नाव? राहिलं की गेलं?"

"ते विचारायचं राहिलं."

"झकास." निलेशने बॅग जमिनीवर टाकली. "मग त्या वर्षाचं काय केलं तिने?"

"काढला आकडा. मोकळं ठेवलंय. फोनवर पाठवलाय फोटो, मला उघडत नाही."

निलेशने बापाचा फोन घेतला. निळी रेघ दिसली, वरून येणारी, तुटलेली, खाली पुन्हा लागणारी. तुटीखाली बारीक अक्षरात दोन शब्द होते. त्याने ते वाचले. मग दोन बोटं ठेवून त्याने चित्र मोठं केलं, अजून मोठं केलं, दोन्हीकडच्या रेघा बाजूला सरकत सरकत पडद्याबाहेर गेल्या, अक्षरंही गेली, आणि नुसता पांढरा चौकोन राहिला.

तो बापाशेजारी बसला. फोन दोघांच्या मध्ये धरून दोघंही त्या पांढऱ्याकडे बघत राहिले, पडदा आपोआप विझेपर्यंत.